सारखे कोणाच्या लेखी?

औषधं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत, मास स्पेक्ट्रोमीटरसमोर, माझ्या नोकरीची बहुतेक वर्षं गेली. रक्तात औषध किती उरलंय ते शोधायचं, हे आमचं रोजचं काम. या कामात समस्थानिकांशी (बोलताना आम्ही आयसोटोपच म्हणतो) सतत गाठ पडते. एमएस्सी करून नव्याने आलेल्या मुलामुलींना एक वाक्य पाठ असतं: एकाच मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे रासायनिक गुणधर्म सारखे, भौतिक गुणधर्म वेगळे. परीक्षेला ते पुरतं. कामाला लागलं की विचारावं लागतं, सारखे म्हणजे कोणाच्या लेखी सारखे? या मुलांना वेळोवेळी जे सांगत आले, ते इथे क्रमांक घालून मांडते आहे.

१. सरासरी आकड्याच्या मागे दडलेले खरे आकडे बघा.

केंद्रकात १७ प्रोटॉन असले की तो अणू क्लोरीनचा. न्यूट्रॉन १८ असोत की २०, बाहेरचे इलेक्ट्रॉन १७च राहतात आणि बंध जुळतात ते इलेक्ट्रॉनांच्या जिवावर. म्हणून क्लोरीन-३५ आणि क्लोरीन-३७ दोघंही सोडियमशी मिळून मीठच करतात. निसर्गात साधारण चारांतले तीन अणू ३५चे, एक ३७चा. तक्त्यात मात्र ३५.४५ छापलेलं असतं, आणि ३५.४५ वजनाचा क्लोरीनचा एकही अणू या जगात नाही.

एकोणिसाव्या शतकातले रसायनज्ञ या अपूर्णांकाने हैराण झाले होते. बऱ्याच मूलद्रव्यांचे अणुभार पूर्णांकांच्या जवळ, मग क्लोरीनलाच काय झालं? १९१९ साली केंब्रिजमध्ये फ्रान्सिस ॲस्टनने अणू एकेक करून वजनाप्रमाणे पांगवणारं यंत्र बांधलं आणि त्यात क्लोरीनच्या दोन स्वतंत्र रेघा दिसल्या. १९२२चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं. आमचं यंत्र त्याच घराण्यातलं.

घरात दुखण्यावर घेतात त्या डायक्लोफेनॅकच्या रेणूत क्लोरीनचे दोन अणू असतात. पडद्यावर त्याची एक रेघ येत नाही, दोन-दोनच्या अंतराने तीन येतात, उंचीचं प्रमाण साधारण ९:६:१. एकच क्लोरीन असेल तर ३:१ अशी जोडी. ब्रोमीन असेल तर दोन रेघा जवळजवळ समान, कारण ब्रोमीन-७९ आणि ८१ निम्मे-निम्मे आहेत. अनोळखी भेसळ समोर आली की मी आधी ही ठेवण बघते. रेणूचं नाव कळण्याआधी त्याच्यात क्लोरीन आहे हे कळतं. सॉफ्टवेअर आता हे आपोआप सांगतं, पण डोळ्यांना सवय असली की सॉफ्टवेअर कधी थापा मारतंय तेही समजतं.

२. ज्याचा हिशेब लागत नाही, त्याच्यासोबत त्याचंच जड रूप पाठवा.

रक्ताच्या सॅम्पलमधून औषध बाहेर काढताना थोडं सांडतं, थोडं चिकटून राहतं, थोडं यंत्रात शिरताना दबतं. शंभरातलं शेवटी किती पोहोचलं, याचा पत्ता लागत नाही. त्यावर तोड अशी, की सुरुवातीलाच त्या औषधाचं ड्युटेरियम घातलेलं रूप मोजून टाकायचं. पुढच्या प्रत्येक पायरीवर दोघांचं नुकसान सारख्याच प्रमाणात होतं. शेवटी यंत्र दोघांना वजनावरून वेगळं ओळखतं. जड रूप किती टाकलं होतं ते आपल्याला ठाऊक असतं, म्हणजे गुणोत्तरावरून मूळ औषध किती होतं ते निघतं. रसायनात सारखं आणि तराजूवर वेगळं, या दोन्ही गोष्टी एकदम हव्या असलेलं दुसरं काम मला माहीत नाही.

इथे तीन गोष्टी पुस्तकात शोधून चटकन सापडत नाहीत.

पहिली, जड रूप किमान तीन एककांनी जड हवं. कार्बनमध्ये १.१ टक्का कार्बन-१३ असतो. म्हणजे वीस कार्बनांच्या रेणूला, काहीही न घालता, मुख्य रेघेच्या एकवीस-बावीस टक्के उंचीची ‘अधिक एक’ रेघ येतेच. एकाच ड्युटेरियमचं जड रूप टाकलं तर ते या नैसर्गिक रेघेवर जाऊन बसेल. रेणूत क्लोरीन असेल तर ‘अधिक दोन’चीही जागा भरलेली असते, तिथे आणखी जड रूप मागवा.

दुसरी, ड्युटेरियम रेणूत कुठे बसवला आहे ते विचारा. ऑक्सिजनवर किंवा नायट्रोजनवर बसवलेला ड्युटेरियम पाण्यातल्या हायड्रोजनशी अदलाबदल करतो आणि महागाचं लेबल धुऊन निघतं. कार्बनवरचा सहसा टिकतो, पण तोही शेजारी कार्बोनिल असेल तर बेभरवशाचा. चुंबकीय क्षेत्रात रेणूची रचना वाचणारे एनएमआरवाले हाच खेळ उलट खेळतात. नळीत जड पाण्याचा थेंब टाकून हलवतात आणि जे शिखर गायब होतं ते ऑक्सिजनवरच्या किंवा नायट्रोजनवरच्या हायड्रोजनचं, असं ओळखतात.

तिसरी गोष्ट बघितली की नवीन मुलं चक्रावतात. यंत्रात शिरण्याआधी मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या स्तंभातून दोन्ही रूपं एकदम बाहेर पडायला हवीत ना? नेहमीच्या सी-१८ स्तंभातून ड्युटेरियमवालं रूप बऱ्याचदा किंचित आधी येतं. फरक सेकंदांचा असतो, पण त्या सेकंदांत रक्तातला दुसरा कुठला घटक बाहेर पडत असेल तर एकाचा सिग्नल दबतो, दुसऱ्याचा नाही, आणि गुणोत्तर बिघडतं. कार्बन-१३ घातलेलं रूप असा आगाऊपणा करत नाही. परवडत असेल तर तेच घ्यावं. परवडत नाही, हा भाग वेगळा.

३. हायड्रोजनच्या बाबतीत पुस्तकातल्या त्या वाक्यावर विसंबू नका.

क्लोरीनचं जड रूप हलक्याहून सहा टक्क्यांनीही जड नाही. युरेनियमच्या २३५ आणि २३८मध्ये तर दीड टक्क्याहून कमी फरक. हायड्रोजनमध्ये मात्र एक न्यूट्रॉन आला की वजन थेट दुप्पट, दोन आले की तिप्पट. नियतकालिक तक्त्यात असं दुसऱ्या कोणाचंही होत नाही, म्हणून या समस्थानिकांना स्वतंत्र नावं मिळाली, ड्युटेरियम आणि ट्रिटियम. हॅरल्ड यूरीने १९३१ साली ड्युटेरियम शोधला तेव्हा न्यूट्रॉनचा शोधही लागलेला नव्हता. तो चॅडविकने पुढच्या वर्षी लावला. जड का आहे ते कळण्याआधी जड आहे हे कळलेलं होतं.

जड पाणी ३.८ अंश सेल्सिअसला गोठतं आणि १०१.४ अंशांना उकळतं. आमच्याकडे बाटलीच्या तळाशी उरलेलं जड पाणी छोट्या कुपीत गोठवून मी नव्या मंडळींना दाखवायची. साध्या गार पाण्यात तो बर्फाचा खडा टाकला की तळाला जाऊन बसतो. आयुष्यभर बर्फ तरंगताना पाहिलेल्या माणसाला ते बघून जे वाटतं, ते कितीही आकडे सांगून वाटत नाही. चव बघू का, असं दर वेळी कोणीतरी विचारायचंच. प्रयोगशाळेत चव बघायची नाही, हे उत्तर. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात जड पाणी माणसाला किंचित गोड लागतं असं दिसलं आहे. घोटभराने काही होत नाही; शरीरातल्या पाण्याचा मोठा हिस्सा जड झाला तर मात्र सस्तन प्राणी जगत नाहीत. पेशी सतत हायड्रोजनची देवघेव करत असतात आणि ती देवघेव मंदावते.

मंदावते का? बंध तोच, इलेक्ट्रॉन तेच. पण बंधातला अणू कधीच स्वस्थ बसत नाही, निरपेक्ष शून्यालाही थरथरतो. हलक्या अणूच्या थरथरीत ऊर्जा जास्त, त्यामुळे त्याचा बंध तुटायला वरून थोडी कमी ऊर्जा पुरते. ड्युटेरियम कमी ऊर्जेने थरथरतो, म्हणून त्याला जास्त ढकलावं लागतं. कार्बन-हायड्रोजन बंध तुटणं हीच जिथे संथ पायरी आहे, तिथे साध्या तापमानाला ड्युटेरियमवाली अभिक्रिया सहा-सात पटीने रेंगाळू शकते. सहा-सात पटीच्या फरकाला ‘रासायनिक गुणधर्म सारखे’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

औषधांच्या धंद्याने हे बरोबर हेरलं. टेट्राबेनाझिन हे हंटिंग्टनच्या आजारातल्या अनैच्छिक हालचालींवरचं जुनं औषध. यकृत ते भराभर मोडतं, म्हणून दिवसातून पुन्हापुन्हा घ्यावं लागतं. त्याच्या रेणूतले सहा हायड्रोजन काढून सहा ड्युटेरियम बसवले आणि ड्युटेट्राबेनाझिन तयार झालं. यकृताला ते मोडायला वेळ लागतो आणि रक्तातली पातळी कमी हेलकावे खाते. २०१७मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने मान्यता दिलेलं हे पहिलं ड्युटेरियमयुक्त औषध. जिथे लागायचं तिथे दोन्ही रेणू सारखेच लागतात, मोडणाऱ्या विकराच्या लेखी मात्र ते वेगळे असतात. न्यूट्रॉन वाढवून पेटंट मिळवणं मला सुरुवातीला चलाखी वाटायचं. अजूनही थोडं वाटतं.

४. शरीर कुठे फरक करत नाही, तेही लक्षात ठेवा.

अलिबागच्या माझ्या आत्याला थायरॉइडचा कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेने ग्रंथी काढली, उरल्यासुरल्या पेशी मारण्यासाठी आयोडीन-१३१ द्यायचं ठरलं. त्याआधी काही दिवस पथ्य सांगितलं, त्यावर तिचा फोन आला.

“अगं, नेहमीचं मीठ बंद, मासे बंद, दूध बंद. आणि एवढं सगळं करून मला देणार काय, तर आयोडीनच! मग मिठातल्या आयोडीनने काय घोडं मारलंय?”

“आत्या, तुझ्या थायरॉइडच्या पेशींना दोन्हीतला फरक कळत नाही ना, म्हणूनच.”

“म्हणजे?”

“मिठातलं आणि माशांतलं साधं आयोडीन, ते १२७. औषधातलं १३१. त्या पेशी आयोडीनला भुकेल्या असल्या की समोर येईल ते उचलतात. आत्ता तुला साधं आयोडीन तोडून उपाशी ठेवतायत.”

“बरं. आणि मग ते १३१ आत जाऊन फुटणार.”

“फुटणार म्हणजे... हो, जवळजवळ तसंच.”

“म्हणजे फसवून आत घालायचं. घाला. पण मासे कधी सुरू, ते नीट विचारून ठेव.”

तिने दोन वाक्यांत जे पकडलं त्यापेक्षा मला फारसं वेगळं सांगता येत नाही. आयोडीन-१३१ मध्ये चार न्यूट्रॉन जास्त आहेत. पेशीत शिरेपर्यंत, संप्रेरकात गुंफलं जाईपर्यंत, त्या चार न्यूट्रॉनांचा कोणाला पत्ता नसतो. मग केंद्रक बीटा कण फेकतं, तो मिलिमीटरभर जाऊन आसपासच्या पेशी मारतो, आणि आयोडीनचा तो अणू झेनॉन-१३१ होऊन बसतो. क्षणापूर्वी थायरॉइडचा लाडका, क्षणानंतर सहसा कोणाशीही बंध न करणारा वायू. सोबत निघणारे गॅमा किरण शरीराबाहेर येतात, त्यावरून औषध कुठे साठलंय त्याचं चित्र काढता येतं. नुसतं चित्रच हवं असेल तर आयोडीन-१२३ चांगलं; ते बीटा कण फेकत नाही आणि त्याचं अर्धायुष्य जेमतेम तेरा तासांचं.

हेच तर्कशास्त्र उलटंही वापरतात. १९८६मध्ये चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली तेव्हा पोलंडने एक कोटीहून अधिक मुलांना साधं आयोडीन पाजलं. ग्रंथी आधीच साध्या आयोडीनने भरली की हवेतून आणि दुधातून येणाऱ्या १३१ला जागाच उरत नाही.

आत्याला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. तिच्या मोरीतलं पाणीसुद्धा सरळ गटारात जात नव्हतं, टाक्यांत साठवून ठेवत होते. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मं होतं. दहा अर्धायुष्यं, म्हणजे ऐंशी दिवस गेले की हजारातला एक भाग उरतो. त्या पाण्यावर कसलीही प्रक्रिया करून किरणोत्सर्ग घालवता येत नाही, फक्त थांबता येतं.

५. अर्धायुष्याशी घासाघीस चालत नाही.

पेट स्कॅनसाठी दिलेली वेळ पाळा, हे मी नातेवाइकांना दटावून सांगते. त्या इंजेक्शनातलं फ्लोरीन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. ते सायक्लोट्रॉनमध्ये तयार करतात, ऑक्सिजन-१८ भरलेल्या पाण्यावर प्रोटॉनांचा मारा करून. (साधं पाणी वापरलं तर त्यातल्या ऑक्सिजन-१६ पासून नायट्रोजन-१३ बनतं. कच्चा मालसुद्धा समस्थानिक बघून घ्यावा लागतो.) ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या पेशंटसाठी ते थांबत नाही.

६. आयसोटोप म्हटलं की किरणोत्सर्ग, हे डोक्यातून काढा.

ड्युटेरियम पूर्ण स्थिर आहे. साठ किलोच्या माणसाच्या अंगात सुमारे दोन ग्रॅम ड्युटेरियम जन्मभर असतो. कथिलाचे दहा स्थिर समस्थानिक आहेत आणि दहाच्या दहा निरुपद्रवी. उलट ज्याला आपण पौष्टिक म्हणतो त्या पोटॅशियममध्ये दहा हजारांत एकाहून थोडे जास्त अणू पोटॅशियम-४०चे, म्हणजे किरणोत्सर्गी. त्याच माणसाच्या शरीरात दर सेकंदाला साडेतीन-चार हजार अणू त्यामुळे मोडत असतात.

७. वेगळं करण्याचे कष्ट टळत नाहीत. ते कुठे करायचे एवढंच ठरवता येतं.

पालघर जिल्ह्यातल्या तारापूरला हे एकाच आवारात दिसतं. तिथल्या पहिल्या दोन अणुभट्ट्या अमेरिकन बनावटीच्या, १९६९पासूनच्या. त्यांत पाणी साधं, पण युरेनियम समृद्ध केलेलं. तिसरी आणि चौथी भारतीय बनावटीच्या, ५४० मेगावॉटच्या, २००५-०६मध्ये सुरू झालेल्या. त्यांत युरेनियम खाणीतून निघतं त्याच प्रमाणाचं, पण पाणी जड.

खाणीतल्या युरेनियममध्ये ०.७२ टक्केच २३५ असतं. साखळी अभिक्रिया प्रामुख्याने त्याच्यावर चालते. बाहेर पडणारे न्यूट्रॉन वेगवान असतात, त्यांचा वेग कमी करायला हायड्रोजन उत्तम. पण साधा हायड्रोजन न्यूट्रॉनचा वेग कमी करता करता त्याला गिळूनही टाकतो. ड्युटेरियम हे गिळण्याचं काम सहाशे पटीहून कमी करतो, कारण त्याच्याकडे एक न्यूट्रॉन आधीच आहे. तेव्हा न्यूट्रॉन वाया जाऊ द्यायचे आणि २३५चं प्रमाण वाढवायचं, नाहीतर २३५ आहे तेवढंच ठेवायचं आणि न्यूट्रॉन वाचवायचे. समस्थानिक कुठेतरी निवडावे लागतातच, युरेनियमचे किंवा हायड्रोजनचे.

युरेनियमचे निवडणं महाकठीण. त्याचा फ्लोरीनशी वायू करतात. फ्लोरीन नैसर्गिकरीत्या एकाच वजनाचा, त्यामुळे त्याच्याकडून गोंधळ होत नाही. तरी हलक्या रेणूचं वजन ३४९, जडाचं ३५२. बारीक छिद्रांतून झिरपताना हलका रेणू जडाच्या पुढे जातो तो वेगातल्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी फरकाने. म्हणून या पद्धतीत तेच तेच हजारो वेळा करावं लागायचं. हायड्रोजनचं काम तुलनेने सोपं, पण तिथे साडेसहा हजार अणूंमागे एकच ड्युटेरियम. आत्याच्या अलिबागजवळ थळला खत कारखान्याला लागून जड पाण्याचा प्रकल्प आहे. खतासाठी लागणारा हायड्रोजन आणि द्रवरूप अमोनिया यांना तिथे समोरासमोर आणतात. ड्युटेरियमचा ओढा हायड्रोजन वायूपेक्षा अमोनियाकडे असतो, म्हणून तो अमोनियात गोळा होत जातो. म्हणजे ‘रासायनिक गुणधर्म सारखे’ या वाक्यातल्या फटीवर एक अख्खा कारखाना उभा आहे. या प्रकल्पातून किरणोत्सर्ग बाहेर पडेल, अशी भीती गावात कधी कानावर आली की मी सहावा मुद्दा सांगते. अमोनियाची भीती बाळगली तर ती जास्त रास्त आहे.

याच विषयातली माझी सर्वांत आवडती गोष्ट आफ्रिकेतली. १९७२मध्ये फ्रान्समधल्या एका कारखान्यात नेहमीच्या तपासणीत युरेनियमचं एक सॅम्पल ०.७२०२ऐवजी ०.७१७१ टक्के आलं. फरक तिसऱ्या दशांश स्थळात. एखाद्याने यंत्राला दोष देऊन पुढचं सॅम्पल लावलं असतं. त्यांनी माग काढला तो गॅबनमधल्या ओक्लो खाणीपर्यंत गेला. तिथे जवळपास दोनशे कोटी वर्षांपूर्वी जमिनीत आपोआप अणुभट्ट्या पेटल्या होत्या आणि त्यांनी २३५ खर्चून टाकलं होतं. २३५चं अर्धायुष्य सत्तर कोटी वर्षं, २३८चं साडेचारशे कोटींच्या जवळ. म्हणजे मागे जावं तसं २३५चं प्रमाण वाढत जातं. त्या काळी ते तीन टक्क्यांच्या वर होतं. युरेनियम आयतंच समृद्ध, मग झिरपणारं साधं भूजल पुरलं. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांचा जुना अवतार.

८. मधाची चाचणी म्हणजे मधाची खात्री नव्हे.

झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना कार्बन-१२ला झुकतं माप देतात. पण सगळी झाडं ते सारखंच देत नाहीत. भात, गहू, तूर आणि मधमाश्या ज्यांवर जातात ती बहुतेक फुलझाडं एका पद्धतीने कार्बन पकडतात आणि कार्बन-१३ बराच नाकारतात. ऊस, मका, ज्वारी, बाजरी दुसऱ्या पद्धतीची. ती एवढी चोखंदळ नाहीत. प्रमाणित नमुन्याच्या तुलनेत दर हजारी फरक मोजला तर पहिल्या गटाची साखर उणे २५च्या आसपास, दुसऱ्या गटाची उणे १० ते १२. (हा मूळ प्रमाणित नमुना दक्षिण कॅरोलिनातल्या एका स्क्विडसारख्या प्राण्याच्या जीवाश्माचा होता. जगभरचा मध त्यावरून ठरलेल्या मापाशी ताडून बघतात.)

म्हणून मधात उसाच्या साखरेचा पाक घातला की आकडा वर सरकतो. त्यातही शहाणपण असं, की मधाची तुलना त्याच मधातल्या प्रथिनाशी करतात. प्रथिन मधमाशीकडून आलेलं, भेसळवाल्याने घातलेलं नाही. दोघांत दर हजारी एकाहून जास्त फरक पडला की संशय. दुसऱ्या मुद्द्यात सांगितलेली युक्तीच ही, फक्त जड रूप बाहेरून घालावं लागत नाही.

पण तांदळापासून केलेला साखरेचा पाक घातला तर? तांदूळ पहिल्या गटातला. कार्बनच्या लेखी तो पाक आणि तो मध एकच. चाचणी उत्तीर्ण होते आणि बाटलीवर ‘तपासलेला’ असं झळकतं. मग वेगळ्या चाचण्या लावाव्या लागतात, एनएमआर त्यांतली एक. कोणी चाचणीचा निकाल दाखवला तर मी आधी विचारते, कोणत्या भेसळीसाठी तपासलाय?

माणसाचं अंगही असंच बोलतं. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेल्याच्या केसांत भातखाऊपेक्षा कार्बन-१३ थोडा जास्त सापडेल. मात्र माशांमुळेही तो वाढतो, त्यामुळे कोकणातल्या माणसाचा केस आला तर घाईने निष्कर्ष काढू नये. नायट्रोजन-१५ बघावा, समुद्री मासे खाणाऱ्यात तो चढलेला असतो, भाकरीने चढत नाही.

९. नियतकालिक तक्त्यातला उलटा क्रम मुलांनी विचारला तर ‘अपवाद’ म्हणून गप्प बसवू नका.

अरगॉनचा अणुभार ३९.९५, त्याच्या पुढच्या पोटॅशियमचा ३९.१०. जड आधी, हलका नंतर. शाळेत याला विसंगती म्हणतात आणि अणुक्रमांक आल्यावर ती सुटली असं सांगून पुढे जातात. जागा का ती, हे त्याने कळतं. वजन उलटं का, हे कळत नाही.

उत्तर पोटॅशियम-४०मध्ये आहे. त्याचं अर्धायुष्य १२५ कोटी वर्षं. मोडणाऱ्या दर दहांतल्या साधारण नऊ अणूंचं कॅल्शियम होतं, एकाचं अरगॉन-४०. पृथ्वी जन्मल्यापासून खडकांतलं पोटॅशियम हे करत आलं आहे आणि ज्वालामुखींतून, भेगांतून तो वायू हवेत येऊन साठला आहे. आपण श्वासात घेतो त्या हवेत जवळजवळ एक टक्का अरगॉन आहे, आणि तो ९९ टक्क्यांहून जास्त अरगॉन-४०च. सूर्यात असं नाही. तिथे मुख्यतः अरगॉन-३६. पृथ्वीवरचा अरगॉनही तसाच असता तर त्याचा अणुभार ३६च्या थोडा वर आला असता आणि मेंडेलीफच्या वारसांना डोकेदुखी झाली नसती. तक्त्यातला तो उलटा आकडा रसायनाचा नाही, या ग्रहाच्या इतिहासाचा आहे.

सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, हेही याच जोडीवरून कळतं. लाव्हा वितळलेला असताना अरगॉन निसटून जातो, गोठला की आत बनणारा अरगॉन अडकतो. किती अडकला ते मोजायचं. त्यासाठी खडकाचा तुकडा आधी अणुभट्टीत ठेवून पोटॅशियम-३९चं अरगॉन-३९ करतात, म्हणजे एकाच वायूच्या दोन समस्थानिकांचं गुणोत्तर एकाच यंत्रात मोजून भागतं. मला हे वाचल्यावर घरच्यासारखं वाटलं. आमचंही काम तेच, गुणोत्तराचं.

१०. लिथियम तोलताना तक्त्यावर नाही, बाटलीवर बघा.

हायड्रोजन, लिथियम, कार्बन, ऑक्सिजन, क्लोरीन अशा काही मूलद्रव्यांसाठी आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटना आता एक अणुभार देत नाही, किमान-कमाल अशी जोडी देते. नमुना कुठला यावर ते बदलतं. लिथियमसाठी ती जोडी ६.९३८ ते ६.९९७. कारणं सगळी नैसर्गिक नाहीत. हायड्रोजन बॉम्बसाठी लिथियम-६ काढून घेतलं गेलं आणि उरलेलं लिथियम-७ने भरलेलं रसायन बाजारात विकलं गेलं. साध्या लिथियम क्षाराच्या बाटलीत त्यातलं काही असू शकतं. चौथ्या अंकापर्यंत मोलचा हिशेब हवा असेल तर पुरवठादाराकडून त्या लॉटचं समस्थानिक प्रमाणपत्र मागवा. नेहमीच्या कामाला ६.९४ चालतं.